माळकरी सासूबाई, खलियावाले जावई आणि चार दिवसांचं जेवण

प्रश्न : ताई, माहेर परभणीचं, सासर सेलूचं. नवऱ्याची नोकरी वाळूजला, म्हणून तीन वर्षांपासून आम्ही संभाजीनगरात सिडकोत भाड्यानं राहतो. नाताळच्या सुट्टीत सेलूहून सासू-सासरे आणि पुण्याहून नणंद, जावई, त्यांची दोन मुलं असे सगळे चार दिवसांसाठी येणार आहेत. वेरूळ-अजिंठा करायचंय. एक वेळ मी घरी करीन, दुसऱ्या वेळेला बाहेर जावंच लागेल, कारण आमचा ओटा दोन माणसांपुरता आहे. सासू-सासरे माळकरी. जिथे मटण शिजतं तिथलं सासूबाई पाणीसुद्धा घेत नाहीत. जावयांना इथला नान आणि मटणाचा तिखट रस्सा पाहिजे, फोनवरच सांगून ठेवलंय, 'वहिनी, नान-खलिया खाल्ल्याशिवाय परत जाणार नाही.' मुलांना पिझ्झा पाहिजे. नवरा म्हणतो, जालना रोडवरच्या एखाद्या मल्टिक्युझिन हॉटेलात नेऊ, ज्याला जे पाहिजे ते मागवेल. मागच्या खेपेला हेच केलं, तर सासूबाई दहीभात खाऊन उठल्या आणि गावात सांगत बसल्या की सुनेच्या गावाला जाऊन उपाशी आले. शहर एवढं मोठं, पण न्यायचं कुठं तेच उमजेना. लेकीसारखं सांगा.
— एक सून, सिडको

उत्तर : मल्टिक्युझिनचा बेत आजच रद्द कर. नवऱ्याला माझं नाव सांग, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

ज्याला जे पाहिजे ते मिळतं, हे फक्त मेनूकार्डावर. आत किचनमध्ये दुपारीच तीन पातेली करून ठेवलेली असतात : लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही. पनीर बटर मसाला, काजूकरी, मलई कोफ्ता, व्हेज कोल्हापुरी, सगळा संसार त्या तीन पातेल्यांवर चालतो. अशा ठिकाणी शेवटच्या पानावर 'नान-खलिया' छापलेला असला, तरी ताटात येतं ते लाल ग्रेव्हीतलं मटण. म्हणजे जावई फसले, सासूबाई उपाशी, आणि बिल मात्र आठ माणसांचं. सगळ्यांना एका टेबलावर बसवायचा हट्ट सोड, निम्मी काळजी तिथेच मिटेल. या शहरात आधी पदार्थ ठरवायचा, मग गल्ली, मग वेळ. हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी.

त्याला कारणही आहे. १६१० मध्ये मलिक अंबरनं इथे खडकी वसवली, तेच आजचं हे शहर. मागोमाग मुघलांच्या फौजा आल्या, त्यांचे बावर्ची आले. मग आसफजाही आली. १७६३ मध्ये हैदराबादला जाईपर्यंत निजामाची राजधानी इथेच होती. (बिर्याणीचं सगळं श्रेय हैदराबादला देणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं.) पेठेत मारवाडी, गुजराती, जैन व्यापारी बसले. निजामाचं राज्य गेल्यावर शिक्षणाला आणि नोकरीला म्हणून परभणी-बीड-जालन्याची माणसं आली, आणि एमआयडीसीनं थेट बिहार-यूपीची पोरं आणली. प्रत्येकानं आपली चूल मांडली, पण आपापल्या भागात. म्हणून जुन्या शहरातल्या बुढीलेनीत मिळतं ते तुमच्या सिडकोतल्या कॅनॉटला मिळत नाही, आणि मिळालंच तर 'तसं' लागत नाही.

आता जावई. सगळ्यात अवघड तेच वाटतंय तुला, आणि सगळ्यात सोपं तेच आहे.

नान-खलिया हा मुळात हॉटेलचा पदार्थच नाही, तो लग्नाच्या दावतीचा. मोठ्या देगेत, लाकडाच्या आचेवर, शे-दोनशे माणसांचं मटण एकदम शिजतं तेव्हा जी चव उतरते ती दोन प्लेटच्या कढईत उतरत नाही. त्यामुळे जिथे रोज देग लागते आणि रोज रिकामी होते, असंच ठिकाण गाठायचं. सिटी चौक, बुढीलेन, शहागंज, रोशन गेट हा तो पट्टा. दुकान दिसायला साधं असेल, टेबलावर सनमायका उडालेला असेल, पंखा आवाज करत असेल. ते बघायचं नाही. गर्दी बघायची, आणि गर्दीत आजूबाजूच्या दुकानांतली माणसं जेवायला बसलीत का ते बघायचं. एसी लावून, भिंतीवर बीबी का मकबऱ्याचं चित्र काढून 'ऑथेंटिक' असं लिहिणाऱ्या ठिकाणापेक्षा हे केव्हाही बरं.

नान चांगला मोठा असतो, गुबगुबीत, वरून पिवळसर तांबूस, तंदूरमध्ये कुठेकुठे करपून काळे ठिपके पडलेले. खलिया वाडग्यात येतो आणि वर लाल तेलाचा थर असतो, ती तर्री. वाढणारा कडेनं पळी फिरवत विचारतो, तर्री कम की ज्यादा? पुण्याच्या माणसानं पहिल्या वाडग्याला 'कम' म्हणावं आणि मग बघावं. नान तोडला की वरच्या वर तेलात टेकवायचा नाही, पार खाली रश्शात न्यायचा. मसाला तळाशी असतो. नान गार झाला की चिवट होतो, म्हणून एकदम दोन मागवायचे नाहीत. कांदा-लिंबू मागावं लागत नाही, येतंच.

तिथे कुणीतरी हमखास सांगणार, की महंमद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली तेव्हा फौजेच्या भटारखान्यात हा पदार्थ जन्मला. गोष्ट झकास आहे आणि शहरात सगळेच ती सांगतात. फक्त मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे तुघलकानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा शिपायांनी काही खाल्लं असलंच तर ते इतकं लालभडक नव्हतं, एवढं नक्की. हे जावयांना जेवण झाल्यावर ऐकव, आधी नको.

एक गोष्ट मात्र नवऱ्याला बजावून ठेव. बसल्या बसल्या विचारायचं : छोट्याचं आहे का मोठ्याचं? छोट्याचं म्हणजे बकऱ्याचं, मोठ्याचं म्हणजे म्हशीवर्गातलं. पुष्कळ ठिकाणी खलिया मोठ्याचाच असतो आणि भावावरूनही ते कळतं. हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. तिथे दिवसभर गिऱ्हाईक हेच विचारत असतं आणि सरळ उत्तर मिळतं. न विचारता खाऊन नंतर तोंड पाडण्यापेक्षा हे बरं.

नणंदेचं काय, ते तू लिहिलं नाहीस. पुण्यात ती खात असेल, आईसमोर खात नसेल. असं असतं पुष्कळ घरांत, त्यात काही नवल नाही. तिला फोनवर हळूच विचारून ठेव आणि ती 'हो' म्हणाली तर तिलाही नवरा-भावाबरोबर जाऊ दे. मुलं तुझ्याकडे ठेव. आणि खलियाचं पार्सल घरी आणायचं नाही, डब्यात झाकून नाही, गच्चीवर बसूनही नाही. सासूबाईंना वास कळतोच, आणि मग चार दिवस तुझ्या घरातलं पाणीही बंद.

हे सगळं एकाच संध्याकाळी जमतं, कारण सिटी चौक आणि गुलमंडी एकमेकांपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सगळ्यांनी मिळून रिक्षानं गुलमंडीला जा. स्वतःची गाडी नेऊ नकोस. पार्किंग शोधण्यात नवऱ्याचं डोकं फिरेल आणि ते तुझ्यावर निघेल. तिथून दोन वाटा. खाणारे सिटी चौकाकडे. तू, सासू-सासरे आणि मुलं गुलमंडी, औरंगपुरा, सुपारी हनुमान या भागात. सासूबाईंना कपड्यांची, भांड्यांची दुकानं बघायला तास कमी पडेल. मुलांना चाट खाऊ घाल. आणि मग इमरती. गुलमंडीवर उत्तम मिठाईची इमरती जुनी आणि नावाजलेली आहे. इमरती उडदाच्या डाळीची, जिलबी मैद्याची. जिलबीसारखी ती आंबट लागत नाही आणि कुरकुरीतही नसते, मऊ आणि रसरशीत असते. कढईतून पाकात पडताना बघूनच मागायची, परातीत रचून ठेवलेली नाही. सासूबाईंना हे चालतंच. मिठाईच्या दुकानात त्यांना शंका घ्यायला जागा नाही.

मग सगळे मिळून उस्मानपुऱ्यात तारा पानला जा. तिथे रात्री उशिरापर्यंत शहरातली सगळी जातकुळी एका काउंटरपाशी उभी असते, माळकरी पण आणि खलिया खाऊन आलेले पण. मुलांना गोड पान. सासूबाईंच्या कमरेला स्वतःची चंची असेल तर त्या नाक मुरडतील, 'एवढे पैसे पानाला?' म्हणतील, आणि तरी खातील.

आता सासूबाई. त्यांच्याविषयी माझं जरा वेगळं म्हणणं आहे, नीट ऐक.

तुला वाटतं त्यांना मागच्या वेळी जेवण आवडलं नाही. मला वाटतं त्यांना आग्रह मिळाला नाही. आपल्याकडे पाहुण्याला 'अजून एक घ्या' म्हणून ताटात टाकल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत, आणि मल्टिक्युझिन हॉटेलात वेटर पाणी आणून देतो तेच खूप. त्यात मेनूकार्ड हातात दिलं की सासूबाईंसारखी बाई उजवीकडचे आकडेच वाचते आणि मग सगळ्यात स्वस्त म्हणून दहीभात मागवते. म्हणून त्यांना मेनूकार्ड नसलेल्या ठिकाणी ने. राजस्थानी-गुजराती धाटणीची थाळी या शहरात चांगली मिळते, जालना रोडलाही आणि स्टेशनच्या बाजूलाही. बसलं की ताट येतं, चार-पाच माणसं फिरत राहतात, फुलक्यावर तूप सोडतात, नको नको म्हणताना कढी ओततात. असा आग्रह सून म्हणून तू घरी करशील, पण इथे तो परका माणूस करतो आणि सासूबाई त्याचं कौतुक सेलूपर्यंत नेतील. दर माणशी ठरलेला असतो, मुलांचा बहुतेक ठिकाणी कमी. पैसे बसायच्या आधीच भरून टाका, म्हणजे उठताना जावई आणि तुझा नवरा यांची काउंटरवर झटापट होणार नाही.

फक्त दोन गोष्टी बघ. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' आहे का, आणि वरच्या मजल्यावर त्याच मालकाचा फॅमिली बार तर नाही ना. दुसरं, कांदा-लसूण चालत नसेल तर लांबण लावू नकोस, 'जैन' एवढंच म्हण. पेठेतल्या गिऱ्हाइकामुळे इथल्या शाकाहारी किचनला ते लगेच समजतं. बटाटाही मिळणार नाही, तेवढं सोसा. आणि कालनिर्णय काढून आत्ताच एकादशी बघून ठेव. त्या दिवशी थाळीला पैसे घालू नकोस, घरीच भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर.

भाकरीच्या हॉटेलात मात्र सासू-सासऱ्यांना नेऊ नकोस. हल्ली शहराबाहेर पडलं की दर दुसऱ्या पाटीवर 'चुलीवरचं'. बाहेर शोभेची एक चूल पेटवलेली असते, आत गॅसवर सगळं चालू असतं. सेलूच्या माणसाला तिथे बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातलीस तर सासूबाई पहिला तुकडा मोडून म्हणतील, "हे काय खायलेत लोकं पैसे देऊन?" पीठ जुनं आहे, भाकरीला पदर सुटला नाही, ठेच्यात मिरची भाजलेली नाही, तेलात परतलेली आहे, हे सगळं त्यांना बघता क्षणी कळतं. त्या घरी रोज जे खातात त्याची परीक्षा हॉटेलवाल्याला द्यायला लावू नये. त्यांना मसाला डोसा खाऊ घाल एकदा सकाळी. सेलूला मिळत नाही असं नाही, पण इथल्या उडुपी हॉटेलातला कुरकुरीत, ताटाबाहेर जाणारा डोसा बघून सासरे खूश होतील.

पिझ्झ्याचं मी काही सांगत नाही. ऑर्डर कर, घरी येतो. एखादी दुपार काढायची असेल तर प्रोझोन मॉलच्या फूड कोर्टात ने, मुलं तिथे रमतात. मोठ्यांना तिथे जेवायला लावू नकोस.

वेरूळ-अजिंठ्याचं वेळापत्रक मात्र हॉटेलच्या आधी ठरव. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पाहुणे घेऊन दारावरून परत येणारे दर सुट्टीत असतात. अजिंठा शंभर किलोमीटर, पहाटे निघावं लागतं आणि चढ-उतार सासूबाईंच्या गुडघ्यांना जड जाईल, त्यांना विचारून घे. त्या दिवशी हॉटेलच्या नादी लागूच नकोस. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, आणि परतीच्या वाटेवर फुलंब्रीच्या आसपास चहा. धपाटे आदल्या रात्री करून ठेवले तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात, पोळ्या वातड होतात. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन होतं आणि येताना खुलताबादला भद्रा मारुती. शनिवार मात्र टाळ, रांग संपत नाही. डबा उघडायचा तो गाडीपाशी किंवा गाडीत. वेरूळला माकडं आहेत आणि ती चटणीपासून दह्यापर्यंत काही सोडत नाहीत.

आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं म्हणतेस ना, तर त्याला हॉटेल लागतच नाही. तू अगदी नेमक्या दिवसांत बोलावलं आहेस त्यांना. डिसेंबर संपता संपता हुरडा सुरू होतो, आणि दौलताबादच्या वाटेला, पैठण रोडला, बीड बायपासच्या पलीकडे शेतांवर हुरडा पार्ट्यांचे फलक लागतात. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत खुपसायची, भाजून निघाली की पोत्यावर किंवा थेट हातावर चोळायची, फुंकर मारली की तूस उडतं आणि हिरवे दाणे तळहातावर राहतात. तोंडात टाकले की आधी धूर लागतो, मग गोडी. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, बोरं, ऊस. माळकऱ्याला चालतं, पुण्याच्या पोरांना चालतं, खलिया खाऊन पोट बिघडलेल्या जावयालाही चालतं. सासूबाईंना लसणाची चटणी नको असेल तर शेंगदाण्याची तिखटाशिवायची मागता येते.

जिथे नुसता हुरडा आहे तिथे जा. जिथे डीजे, रेन डान्स आणि हुरडा, तिथे हुरडा शेवटी असतो आणि तोही आदल्या दिवशी तोडून आणलेला. फोनवर एवढंच विचार : कणसं तिथल्याच रानातली आहेत का, आणि आगटी कधी पेटते? सकाळी दहा-अकराला पोहोचा. दुपारनंतर माणसं पेंगतात आणि आगटी विझत आलेली असते. दुपारचं जेवण तिथेच असतं बहुतेक ठिकाणी, वांग्याचं भरीत आणि भाकरी, पण हुरडा पोटात फुगतो, तेव्हा आठ माणसांचं जेवण सांगायचं तर पाचांचं सांग.

तुझे सासरे दर ऐकून दाराशीच थांबतील. "हुरड्याला तिकीट? आपल्या रानात ये म्हणावं ह्यांना." त्यांना हवं ते बोलू दे. आत गेल्यावर हुरड्याच्या जातींतली गुळभेंडी कुठली, सुरती कुठली आणि ज्वारीचं कणीस नेमकं कधी मोडायचं, हे तिथल्या शेतकऱ्याला तेच सांगत बसतील आणि नातवंडांना तळहातावर हुरडा चोळून देतील.

चार दिवसांत बाहेरची जेवणं होतील ती एवढीच : गुलमंडीची संध्याकाळ, एक थाळी, एक डोशाची सकाळ, एक हुरड्याचा दिवस. गुलमंडीची संध्याकाळ पहिल्याच दिवशी ठेव. जावयांचा खलिया एकदा झाला की बाकीचे तीन दिवस ते काहीही खातील, धपाटेसुद्धा. आणि थाळीचा दिवस शेवटचा ठेव. सासूबाई गाडीत बसताना तोंडात तुपाची चव असली तर गावात सांगायची गोष्ट आपोआप बदलते. त्यांच्या पिशवीत अर्धा किलो इमरती ठेवायला विसरू नकोस, पाक गळतो म्हणून स्टीलच्या डब्यात दे. प्लॅस्टिकचा डबा परत येत नाही, स्टीलचा येतो. तेवढ्या निमित्तानं फोन तरी होतो.